बारा आण्याचा मसाला



कवीनं पावसावर बोलावं, फार तर भाकरीवर बोलावं, अशी आपली अपेक्षा असते. मी आज मोटारगाडीवर बोलणार आहे. प्रश्न साधा आहे, पण आजकाल पुष्कळ घरांत तो जेवणाच्या ताटावर येऊन बसतो. नव्या लहान गाडीच्या पैशात जुनी, मोठी, आलिशान सेदान मिळत असेल आणि ती पुढे दहा वर्षं वापरायची असेल, तर घ्यावी की नाही?

आधी हा मोह निर्माण कसा होतो ते पाहू. गाडी शोरूमच्या बाहेर पडली की तिची किंमत घसरायला लागते. विम्याच्या कोष्टकात ही घसरण ठरवून दिलेली आहे: पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के, वर्षाअखेर १५, दोन वर्षांनी २०, तीन वर्षांनी ३०, चार वर्षांनी ४० आणि पाच वर्षांनी ५० टक्के. त्यानंतर विमा कंपनी आणि मालक यांनी आपसांत किंमत ठरवायची. बाजार तर कोष्टकापेक्षाही निर्दय असतो. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या मोठ्या गाड्यांवरचा जीएसटी आणि उपकर मिळून होणारा जवळपास ५० टक्क्यांचा बोजा ४० टक्क्यांवर आला. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीचा भाव आपोआप खाली बसतो. म्हणजे पहिल्या मालकानं सगळी घसरण सोसलेली असते आणि आपण अगदी वेळेवर, पानावर जाऊन बसतो. हिशेब असा दिसतो खरा.

मी अठ्ठावन्नाव्या वर्षी नोकरीतून निवृत्त झालो तेव्हा हा प्रश्न माझ्याकडे आला. फंडाचे पैसे हातात होते. मुलगी पुण्याला, आणि अम्माच्या मणक्याचे डॉक्टरही पुण्याला. सोलापूर ते पुणे अडीचशे किलोमीटर, महिन्यातून एक-दोनदा. एसटीनं अम्माला नेणं आता शक्य नव्हतं. त्याच सुमारास ओळखीतून एक गाडी समोर आली. आठ वर्षांची, पेट्रोलवर चालणारी, ऑटोमॅटिक गियरची युरोपियन सेदान. नाव सांगत नाही, कारण दोष गाडीचा नाही. नवी असताना रस्त्यावर यायला पस्तीस लाख लागलेले, आता मालक साडेआठ लाखांना द्यायला तयार. तेवढ्याच पैशात नवी लहान गाडी येत होती. एकीकडे कातडी सीट आणि आत बसलं की बाहेरचा भोंगा ऐकू न येणारी शांतता, दुसरीकडे नवेपणाचा वास आणि कंपनीची हमी.

आमच्या भागात सांगोल्याचा जनावरांचा बाजार प्रसिद्ध आहे. तिथं खिल्लार बैल घ्यायला आलेला शेतकरी आधी शिंगं पाहत नाही. तो दात पाहतो, खूर पाहतो, खांदा चाचपतो, बैल चालवून पाहतो. सौदा रुमालाखाली बोटांनी होतो, पण पाहणी उघड्यावर, चार माणसांदेखत होते. गाडीलाही दात असतात. टायरच्या कडेला चार आकडे असतात: पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. गाडीच्या काचांवरही सालाची खूण असते, सगळ्या काचा एका सालाच्या नसतील तर का, ते विचारायचं. मीटर साठ हजार दाखवतो आणि ब्रेकच्या पायपट्टीचं रबर गुळगुळीत झालेलं असेल तर मीटरवर नव्हे, रबरावर विश्वास ठेवायचा. डिजिटल मीटर मागे फिरवता येतो, झिजलेलं रबर परत वाढत नाही.

पुराची गाडी हा आपल्याकडचा खास धोका आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर पाण्याखाली गेलं. अशा वेळी हजारो गाड्या बुडतात, धुतल्या-पुसल्या जातात आणि त्यातल्या काही दूरच्या गावात विकायला येतात. आलिशान गाडीत तर वायरिंगचं जाळं आणि छोटे संगणक सीटखाली, गालिच्याखाली असतात. पाणी जातं, ओल राहते, आणि वर्षभरानं एकेक दिवा उगाच पेटायला लागतो. म्हणून सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून पाहावा, आतल्या भागावर चिखलाची रेघ दिसते का ते पाहावं. गालिचा उचलून वास घ्यावा. सीटच्या रुळांवर गंज आहे का, बोट फिरवून पाहावं. अत्तरानं घमघमणारी जुनी गाडी दिसली तर जरा जास्तच सावध व्हावं.

कागदांचं तर विचारूच नका. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्यानं १४ दिवसांत हस्तांतर कळवायचं असतं. ‘नाव नंतर करू’ हे वाक्य दोघांनाही महागात पडतं. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली स्पष्ट केलं, की नोंदणीत ज्याचं नाव आहे तोच कायद्याच्या नजरेत मालक. गाडी मधल्या काळात कितीही हातांतून फिरली असली, तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते. कर्जाचा बोजा आरसीवर असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि बोजा उतरवल्याची नोंद हातात आल्याशिवाय पैसे मोजू नयेत. परराज्यातली गाडी स्वस्त दिसते, पण तिला आपल्या राज्याचा कर पुन्हा भरावा लागतो. विम्यावरची ‘नो क्लेम’ सवलत जुन्या मालकाबरोबर जाते, गाडीबरोबर येत नाही. आणि आठ वर्षांची गाडी दहा वर्षं ठेवायची म्हटली, तर पंधराव्या वर्षी नोंदणीचं नूतनीकरण मध्येच येणार. त्याची फी पूर्वी ६०० रुपये होती, एप्रिल २०२२ पासून ती ५,००० झाली. शिवाय तपासणी, शिवाय पर्यावरण कर.

माझ्या समोरच्या गाडीचे कागद स्वच्छ होते. विकणारा गृहस्थही सरळ. आमच्याकडे मालातला ऐब झाकून विकणं हराम मानलं जातं, ऐब लपवला असेल तर सौदा मोडण्याचा हक्क घेणाऱ्याला असतो. हा गृहस्थ आमच्यातला नव्हता, पण त्यानं न विचारता सांगितलं, ‘थंड असताना दुसऱ्या गियरला एक हिसका बसतो. तुमच्या मिस्त्रीला दाखवा.’ धर्म कोणताही असो, इमान असं दिसतं.

मी गाडी एका उस्तादाकडे नेली. त्यांनी ती लिफ्टवर चढवली, स्कॅनर लावला, खालून टॉर्च मारून पाहिली. अर्ध्या तासानं हात पुसत म्हणाले, ‘साहेब, गाडी चांगली आहे. पण हिच्या गियरबॉक्सचं तेल कधीच बदललेलं नाही.’ मी म्हटलं, माहितीपुस्तकात तर लिहिलंय की आयुष्यभर बदलायची गरज नाही. उस्ताद हसले. ‘कुणाच्या आयुष्यभर? पहिल्या मालकाच्या!’

नंतर मी शोध घेतला. झेडएफ ही अनेक युरोपियन गाड्यांना गियरबॉक्स पुरवणारी जर्मन कंपनी स्वतःच सांगते, की ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षं, यातलं जे आधी येईल तेव्हा तेल बदला. म्हणजे उस्तादांचं बोलणं थट्टेचं नव्हतं. गाडी ज्या काळासाठी घडवतात तो पहिल्या मालकाचा काळ असतो. दुसऱ्या मालकाची दहा वर्षं हा त्याच्यानंतरचा प्रांत आहे. रबरी बुश, हादरेशोषक, पाण्याचा पंप, सेन्सर या सगळ्यांचं वय त्याच प्रांतात संपतं.

आणि इथं खरी मेख आहे. गाडीची किंमत घसरते, तिच्या सुट्या भागांची घसरत नाही. गाडी साडेआठ लाखांची झाली तरी तिचा हेडलाइट पस्तीस लाखांच्याच गाडीचा राहतो. मी भाव विचारला: एका हेडलाइटला सव्वा लाख. गियरबॉक्सचं नियंत्रण करणारा भाग गेला तर अडीच लाख. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला, असं आपल्याकडे म्हणतात ते याच्यासाठीच.

मग कागदावर आकडे मांडले. उस्तादांच्या अंदाजानं दुरुस्तीसाठी दरवर्षी लाख-सव्वा लाख बाजूला ठेवायचे. सगळे दरवर्षी लागतील असं नाही, पण एखाद्या वर्षी तीन लाख लागतील. पेट्रोल लिटरमागे शंभराच्या वर. वर्षाला दहा हजार किलोमीटर धरले, तर नऊ-दहाच्या ॲव्हरेजला हजार-अकराशे लिटर, लहान गाडीला साडेपाचशे. फरक पन्नास हजारांच्या आसपास. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, आणि २०२३ पूर्वीच्या बहुतेक गाड्या त्याच्या निम्म्या प्रमाणासाठी बनलेल्या आहेत, तेही लक्षात घ्यायचं. दहा वर्षांची बेरीज खरेदीच्या किमतीच्या पुढे गेली. कर्ज काढून हे निभावणं मला नको होतं. आमच्या घरात व्याजाचं वावडं आहे, आणि नसतं तरी जुन्या गाडीच्या कर्जाला व्याज जास्त आणि मुदत कमी असते.

शेवटी मी अम्माला गाडीत बसवायचं ठरवलं. तिच्यासाठीच तर सगळं चाललं होतं. ती बसली. सीटवरून हात फिरवला, म्हणाली, ‘मखमल आहे नुसती.’ पण उतरताना प्रश्न आला. सेदान जमिनीला लागून असते. सीट खोल, गुडघे वर. दोन्ही हातांनी धरून मी तिला बाहेर काढलं तेव्हा तिच्या कपाळावर घाम होता. ती एवढंच म्हणाली, ‘बेटा, ही गाडी चालते छान. पण मला गाडीत राहायचं नाही, दवाखान्यात उतरायचं आहे.’

मी ती गाडी घेतली नाही. जरा उंच बसण्याची, साधी, नवी लहान गाडी घेतली. तिच्यात भोंगे ऐकू येतात, खड्डाही कळतो. पण सीट अम्माच्या कमरेच्या उंचीला आहे. ती स्वतःच्या पायांनी उतरते. सोलापूर सोडून टेंभुर्णीला बंद पडली तरी तिला हात लावणारा मिस्त्री भेटेल.

आता गोष्टीची दुसरी बाजू, नाहीतर तो त्या गाडीवर अन्याय होईल. तीच गाडी पुण्यातल्या माझ्या एका डॉक्टर मित्रानं घेतली. आज चार वर्षं ती त्याच्याकडे आहे आणि तो खूश आहे. त्यानं घेतल्याबरोबर गियरबॉक्सचं तेल बदललं, हिसका गेला. त्याच्या घरापासून चार किलोमीटरवर अधिकृत कार्यशाळा आहे, शिवाय त्याच कंपनीतून बाहेर पडलेला एक हुशार मिस्त्रीही आहे. खरेदीच्या दिवशीच त्यानं गाडीच्या नावानं तीन लाखांची वेगळी ठेव ठेवली. घरात दुसरी गाडी आहे, त्यामुळे ही आठ दिवस लिफ्टवर राहिली तरी त्याचा दवाखाना अडत नाही. त्याला लांबच्या प्रवासात गाडी चालवण्याचा आनंद आहे, आणि त्या आनंदाची किंमत तो डोळे उघडे ठेवून देतो. गाडी तीच, भावही तोच. माझ्यासाठी नाही हे बरोबर होतं, त्याच्यासाठी होय हेही बरोबर होतं.

तेव्हा श्रोतेहो, आपल्यापुढे असा प्रश्न आला तर गाडीला विचारण्याआधी घराला चार प्रश्न विचारावेत. हिला हात लावणारा भरवशाचा माणूस किती किलोमीटरवर आहे? खरेदीनंतर किमतीच्या तिसऱ्या हिश्शाएवढे पैसे शिल्लक उरतात का? ही महिनाभर दुरुस्तीला गेली तर घर अडेल का? आणि जिच्यासाठी किंवा ज्याच्यासाठी घ्यायची, त्या माणसाला हिच्यात नीट चढता-उतरता येतं का? चारही उत्तरं मनासारखी आली तर जुनी आलिशान गाडी खुशाल घ्यावी आणि प्रेमानं दहा वर्षं जपावी. नवी गाडी घडवायला लागणारं लोखंड, वीज, पाणी वाचतं, हाही एक हिशेब आहेच. एक जरी उत्तर अडलं, तर मात्र थांबावं.

कारण सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही. गाडी विकत घेताना ते आठवत नाही, पहिल्या मोठ्या दुरुस्तीच्या बिलावर ते छापून येतं.