पाळी शाळेत आली तर तयारी कुणाची?

मे २०२३ मध्ये उल्हासनगरात बारा वर्षांच्या एका मुलीला पहिली पाळी आली. कपड्यांवरचा डाग तिच्या मोठ्या भावाने पाहिला. रक्त कशाचं, हे तिला सांगता आलं नाही, कारण पाळी म्हणजे काय हे तिला माहीतच नव्हतं. भावाने भलताच संशय घेतला, तिला मारहाण केली आणि त्या मारहाणीत तिचा जीव गेला. त्याला अटक झाली. एका संशयी माणसाचं क्रूर कृत्य, असं म्हणून आपण हा विषय बाजूला ठेवू शकतो. गुन्हा त्याचाच, यात शंका नाही. पण तीस वर्षांच्या माणसाला त्या डागाचा सर्वांत साधा अर्थ सुचू नये आणि बारा वर्षांच्या मुलीला तो सांगता येऊ नये, हे केवळ त्या एका घराचं अपयश नव्हे. म्हणून शाळेत अचानक पाळी आली तर काय करायचं, याबद्दल बोलताना मी मुलीच्या दप्तरापासून सुरुवात करणार नाही. तिच्या भोवतीच्या मोठ्या माणसांपासून करणार आहे.

पाळी अचानक येते ती मुलीला. शाळेला ती अनपेक्षित असण्याचं काहीच कारण नाही. बहुतेक मुलींना पहिली पाळी अकरा ते चौदा या वयात येते, काहींना नवव्या-दहाव्या वर्षीही येते. सुरुवातीची दोन वर्षं तर तिचं वेळापत्रक नसतंच. कधी एकवीस दिवसांनी, कधी पंचेचाळीस दिवसांनी. म्हणजे तारीख लक्षात ठेव, हा आईचा सल्ला या वयात पुरेसा ठरत नाही. पाचवी ते दहावीच्या शेकडो मुली ज्या इमारतीत रोज पाच-सहा तास बसतात, तिथे कुणा ना कुणाला न सांगता पाळी येणार, हे अगदी ठरलेलं आहे. भारतातल्या १३८ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे सत्त्याण्णव हजार मुलींची माहिती होती. पहिली पाळी येण्याआधी तिच्याबद्दल काही ठाऊक असलेल्या मुली निम्म्याहून थोड्या कमीच निघाल्या आणि जवळपास चौथा हिस्सा मुली पाळीच्या दिवसांत शाळेत जात नव्हत्या. पॅड वापरणाऱ्यांचं प्रमाण गेल्या काही वर्षांत बरंच वाढलं आहे, ही आनंदाचीच गोष्ट. पण पॅड दुकानात मिळतं म्हणून ते गणिताच्या तासाला, तिसऱ्या बाकावर मिळतं असं नाही.

आपल्या भागात याला आणखी एक बाजू आहे. बदलापूर ते मुंबईचं सीएसएमटी स्थानक हे अंतर अडुसष्ट किलोमीटर, अंबरनाथ-उल्हासनगर त्याहून आठ-दहा किलोमीटर अलीकडे. सकाळची लोकल पकडून ठाणे, दादर, फोर्ट गाठणाऱ्या आया इथे घरोघरी आहेत. ज्या मुंबईला जात नाहीत, त्यांच्यातल्या कितीतरी एमआयडीसीत, उल्हासनगरच्या शिलाई कारखान्यांत किंवा चार घरच्या कामांवर असतात. शाळेतून फोन गेला तरी आई पोचायला दीड-दोन तास. अशा ठिकाणी ‘मुलीला घरी पाठवून द्या’ हा उपाय होत नाही. डाग पडलेल्या गणवेशात ती एकटी रिक्षा स्टँडवर उभी राहणार, कुलूप उघडून रिकाम्या घरात जाणार आणि पाळी म्हणजे शाळेतून काढता पाय घेण्याची गोष्ट, एवढंच शिकणार. म्हणून लागेल ते सगळं शाळेतच हवं: पॅड, एक जादा निकर, जुना पण धुतलेला स्कर्ट किंवा सलवार, कागद, झाकणाची कचराकुंडी, आणि पाणी. पाणीकपातीच्या दिवशी मुलींच्या स्वच्छतागृहात भरलेलं पिंप हवंच. तिथली देखरेख बाईमाणसाकडे असावी, हे ऑगस्ट २०२४ मध्ये इथल्या शाळेत उघड झालेल्या अत्याचारानंतर बदलापूरच्या पालकांना वेगळं सांगायला नको.

मात्र सामान आणून ठेवलं आणि नजर तीच राहिली, तर काय होतं ते याच ठाणे जिल्ह्याने पाहिलं आहे. जुलै २०२५ मध्ये शहापूरच्या एका खाजगी शाळेत स्वच्छतागृहात रक्ताचे डाग दिसले. ते कुणाचे, हे शोधण्यासाठी पाचवी ते दहावीच्या मुलींना विचारणा झाली आणि अनेकींचे कपडे काढून तपासणी करण्यात आली. पालक संतापून शाळेत धडकले, पोक्सो कायद्याखाली गुन्हा नोंदवला गेला, मुख्याध्यापिका आणि एका महिला कर्मचाऱ्याला अटक झाली. फरशीवर रक्त सांडलं तर ती पाण्याने धुवायची असते. इथे त्याचा तपास झाला, आणि तो बायकांनीच केला. त्यामुळे शाळेत शिक्षिका आहेत म्हणून काळजी नाही, असं मानता येत नाही. शिक्षिकांनाही या विषयाचं रीतसर प्रशिक्षण लागतं.

आता आक्षेपांकडे येते. चौथी-पाचवीच्या मुली लहान आहेत, आत्तापासून कशाला सांगायचं, असं पालक विचारतात. काळजी खरी आहे, पण शरीर आपल्या सोयीने थांबत नाही. दहाव्या वर्षी पाळी आलेल्या मुलीला नवव्या वर्षी दोन वाक्यं ऐकायला मिळाली असतील तर ती घाबरत नाही. नाहीतर आपल्याला जखम झाली, काही मोठा आजार झाला, असं तिला वाटतं. दुसरा आक्षेप मुलग्यांबद्दलचा. त्यांना कशाला सांगायचं, ते चेष्टा करतील. चेष्टा होते ती अर्धवट ऐकीव माहितीतून. शिवाय आजचा सातवीतला मुलगा उद्या कुणाचा तरी भाऊ, वडील, वर्गशिक्षक असणार आहे. उल्हासनगरच्या त्या घरात माहितीची गरज बहिणीइतकीच भावालाही होती. पॅड ठेवली तर मुली उगाच उचलून नेतील, ही तिसरी तक्रार. नेऊ द्यात. जनऔषधी केंद्रात ‘सुविधा’ पॅड एक रुपयाला एक मिळतं. दोनशे मुलींनी महिन्याला दोन-दोन नेली तरी चारशे रुपये होतात. एखादी मुलगी घरी नेत असेल, तर घरी ते विकत घेतलं जात नाही असा त्याचा अर्थ, आणि ते आपल्याला कळायलाच हवं. उलट कपाट कुलपात आणि किल्ली कार्यालयात असेल, तर पुरुष शिक्षकांसमोर उभं राहून मागण्यापेक्षा मुली डाग लपवत दिवस काढतात.

मुलींनो, आता तुमच्याशी. ओलं वाटलं, डाग दिसला, तर तुमचं काहीही चुकलेलं नाही. जवळच्या मैत्रिणीला किंवा शाळेतल्या मावशींना सांगा. ‘मला पाळी आली आहे’ एवढं पुरे, त्याआधी माफी मागायची गरज नाही. पॅड मिळेपर्यंत स्वच्छ सुती रुमालाची घडी चालते. डाग गार पाण्याने धुवा, गरम पाण्याने तो पक्का बसतो. स्वेटर किंवा ओढणी कमरेला बांधता येते. रक्त खूप गेल्यासारखं दिसतं, पण सगळे दिवस मिळून ते साधारण तीस-चाळीस मिलिलीटर असतं. पॅड चार ते सहा तासांनी बदला, वापरलेलं कागदात गुंडाळून कुंडीत टाका, शौचाच्या भांड्यात टाकू नका. पोट दुखलं तर थोडं चालावं, घरी गरम पाण्याची पिशवी घ्यावी. पण तासा-दोन तासांत पॅड भिजत असेल, आठ दिवसांवर रक्त जात असेल, दुखण्याने दर महिन्याला शाळा बुडत असेल, किंवा पंधरा वर्षं पूर्ण होऊनही पाळी आली नसेल, तर डॉक्टरांकडे जायचं. सहन करत बसायचं नाही.

आणि पालकहो, सर्वोच्च न्यायालयाने १० एप्रिल २०२३ रोजी शाळकरी मुलींच्या पाळीच्या स्वच्छतेसाठी देशभर एकसमान धोरण आखायला केंद्र सरकारला सांगितलं. वरच्या आदेशांचं जे व्हायचं ते होईल. पण शिक्षणहक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित शाळांना शाळा व्यवस्थापन समिती नेमायला लावली आहे, तिच्यात तीनचतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. विनाअनुदानित शाळांत पालक-शिक्षक संघ असतो. पुढच्या सभेत बाबांनीही जावं आणि विचारावं: पॅड कुठे ठेवली आहेत, ती घ्यायला परवानगी लागते का, तास चालू असताना कारण न सांगता मुलीला बाहेर जाता येतं का, आणि पाचवीच्या वर्गाला, मुलग्यांसकट, हे कुणी आणि कोणत्या महिन्यात सांगणार आहे?