ओळीपाशी थांबणं

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आज मी तुमच्याशी वाचण्याबद्दल बोलणार आहे. परीक्षेसाठी, माहितीसाठी किंवा वेळ जावा म्हणून आपण जे वाचतो, ते वाचन मला इथं अभिप्रेत नाही. धर्मग्रंथातली एखादी ओळ घ्यायची, तिच्यापाशी थांबायचं, ती मनात घोळवायची आणि तिच्याच आधारानं देवाशी बोलायचं, अशी एक फार जुनी रीत ख्रिस्ती परंपरेत आहे. लॅटिनमध्ये तिला 'लेक्सिओ दिविना' म्हणतात. आपण तिला 'पवित्र वाचन' म्हणू. मराठी प्रॉटेस्टंट घरांतून सकाळी बायबल घेऊन एकटं बसण्याची जी सवय असते, ती या रीतीची सख्खी नसली तरी चुलत बहीण नक्कीच आहे.

मी मुसलमान आहे आणि मराठीत कविता लिहितो. मग या विषयावर मी का बोलावं, असं कुणाला वाटेल. त्याचं उत्तर आमच्या भूगोलात आहे. माझं गाव कारेगाव. शिरूर तालुक्यात, पुणे-नगर रस्त्यावर, रांजणगावच्या गणपतीशेजारी. गावापासून दक्षिणेला जाऊन भीमा ओलांडली की दौंड तालुका लागतो, आणि त्या तालुक्यात केडगाव. तिथं पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. दुसऱ्या अंगाला घोड नदी ओलांडली की श्रीगोंदा. तिथं शेख महंमदांची समाधी आहे. मुसलमान घरात जन्मून मराठी ओवीत 'योगसंग्राम' रचणारा हा संतकवी. ज्या गावाच्या एका हाताला रमाबाई आणि दुसऱ्या हाताला शेख महंमद, त्या गावच्या माणसानं दुसऱ्याच्या धर्मग्रंथाविषयी दोन शब्द आदरानं बोलावेत, यात नवल नाही.

आधी रीत काय ती सांगतो. सहाव्या शतकात इटलीत संत बेनेडिक्टनं मठातल्या साधूंसाठी नियम घालून दिले. त्यात अंगमेहनतीला जसे तास होते, तसेच धर्मग्रंथ वाचायलाही होते. पुढं बाराव्या शतकात फ्रान्समधल्या गुइगो नावाच्या कार्थुशियन साधूनं या वाचनाची चार पायऱ्यांची शिडी मांडली. पहिली पायरी वाचन, दुसरी मनन, तिसरी प्रार्थना आणि चौथी निःशब्द ध्यान. त्यानं उपमा दिली ती जेवणाची. वाचन म्हणजे घास तोंडात घालणं, मनन म्हणजे तो चावणं, प्रार्थना म्हणजे त्याची चव लागणं आणि ध्यान म्हणजे ती गोडीच होऊन राहणं. जुने साधू यासाठी आणखी एक शब्द वापरत. तो आपल्याला गोठ्यातून ठाऊक आहे : रवंथ. गाय दिवसभर चरते आणि संध्याकाळी दावणीला बसून तेच पुन्हा सावकाश चघळते. चरताना जे नुसतं पोटात गेलं, ते रवंथ केल्यावर अंगी लागतं.

आपल्याकडे श्रवण, मनन आणि निदिध्यासन असा क्रम सांगितलेला आहे. त्याची इथं आठवण येईल. साम्य आहे, पण एक फरकही आहे. ख्रिस्ती रीतीत मननानंतर माणूस बोलतो. वाचलेलं वचन म्हणजे समोरच्यानं आपल्याला काही विचारलं आहे असं समजून तो उत्तर देतो. रागावतो, मागतो, रडतो, आभार मानतो. वाचनाचं संभाषण होतं. ही रीत बराच काळ मठांच्या भिंतीआड राहिली. व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेनं १९६५ साली, धर्मग्रंथ सगळ्याच श्रद्धावंतांनी वाचावा आणि वाचनाला प्रार्थनेची जोड द्यावी, असं सांगितलं. तेव्हापासून ती पुन्हा साध्या माणसांच्या घरात येऊ लागली.

मराठीशी या परंपरेचं नातं मात्र चारशे वर्षांचं आहे. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्याला आला. जेझुइटांचा संस्थापक इग्नाशियस लोयोला, त्यानं मननाची एक वेगळी साधना शिकवली होती. प्रसंग वाचायचा, डोळे मिटायचे आणि त्या प्रसंगात जाऊन उभं राहायचं. रस्ता कसा आहे, कोण काय बोलतंय, वारा कुठून येतोय, हे पाहायचं आणि ऐकायचं. स्टीफन्सही या साधनेतून गेलेला माणूस. त्यानं मराठी शिकून जवळपास अकरा हजार ओव्यांचं 'ख्रिस्तपुराण' रचलं आणि ते १६१६ साली छापलं गेलं. रोमन लिपीत, पण मराठी ओवीत. गोव्यातल्या चर्चांमधून ते लोकांपुढं वाचलं जाई. मला वाटतं, ओवी हा छंद या कामासाठीच जणू घडलेला आहे. ती पळत नाही. जात्याभोवती फिरते, एक फेरा पुरा करते आणि मग पुढं जाते.

आता केडगावकडे वळतो. रमाबाईंचा जन्म १८५८चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे. तीर्थोतीर्थी पायी फिरून पुराणं वाचणारं हे कुटुंब. देवळाच्या आवारात किंवा घाटावर बसायचं, संस्कृत पोथी मोठ्यानं वाचायची. लोक येत, ऐकत, फळं-फुलं-पैसे ठेवून जात. रमाबाईंनी १९०७ साली आपली साक्ष लिहिली आहे. त्या सांगतात की ऐकणाऱ्यांना अर्थ समजावून दिला जात नसे. वाचण्यात आणि ऐकण्यातच पुण्य आहे, असं मानलं जाई. पुढं दुष्काळात आईवडील गेले, थोरली बहीण गेली. कलकत्त्याच्या विद्वानांनी 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवलेली ही बाई लग्नानंतर आसामातल्या सिल्चरला राहत होती. तिथं घरातल्या पुस्तकांत एक छोटी पुस्तिका तिला सापडली. ती कुठून आली, हे तिलाही ठाऊक नव्हतं. ते बंगालीतलं लूकचं शुभवर्तमान होतं. ती ते वाचू लागली.

१८८३ साली ती इंग्लंडला गेली. तिथं फुलहॅममध्ये, समाजानं टाकून दिलेल्या स्त्रियांची सेवा करणाऱ्या ख्रिस्ती भगिनी तिनं पाहिल्या. या बायकांची काळजी घ्यावी असं तुम्हाला का वाटतं, असं तिनं विचारलं. उत्तर म्हणून एका भगिनीनं तिला योहानाच्या शुभवर्तमानातला एक प्रसंग वाचून दाखवला. भर दुपारी एक शोमरोनी बाई विहिरीवर पाण्याला येते. तिची पाच लग्नं झालेली आहेत. येशू यहुदी, तरी तिच्याकडे पाणी मागतो. यहुदी माणसानं शोमरोन्याच्या हातचं पाणी प्यायचं नाही, अशी तेव्हाची चाल. ज्या महाराष्ट्रात १९२७ साली पाण्यासाठी महाडचा सत्याग्रह करावा लागला, तिथं हा प्रसंग आणखी समजावून सांगायला नको.

मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. रमाबाई त्या विहिरीपाशी थांबल्या, असं मी म्हणेन. पुढं केडगावात त्यांनी अनाथ आणि विधवा मुलींसाठी 'मुक्ती' उभं केलं. १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी उपाशी मुली आणल्या. आणि फसवल्या गेलेल्या, वाट चुकली म्हणून समाजानं हाकललेल्या बायकांसाठी 'कृपासदन' काढलं. फुलहॅमला ऐकलेली गोष्ट दौंड तालुक्याच्या माळावर घर होऊन उभी राहिली. या रीतीचे काही जाणकार चार पायऱ्यांनंतर पाचवी सांगतात : कृती. ती पाचवी पायरी पाहायची असेल, तर केडगाव स्टेशनवर उतरावं.

त्याच केडगावात बसून रमाबाईंनी संपूर्ण बायबलचं मराठी भाषांतर केलं. त्यासाठी ग्रीक आणि हिब्रू शिकल्या. मराठी बायबल आधीपासून होतं, पण खेड्यातल्या बाईला ऐकताच कळेल असं त्यांना हवं होतं. ज्या मुलीनं घाटावर बसून लोकांना न कळणारं पुराण वाचलं होतं, तिनं म्हातारपणी हे काम घेतलं, हे मला फार अर्थपूर्ण वाटतं. भाषांतर करणाऱ्याला एकही ओळ ओलांडून जाता येत नाही. म्हणजे हे वर्षानुवर्षं चाललेलं पवित्र वाचनच. छपाईही मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्या स्त्रियांच्या हातून. मध्येच, १९२१ साली, एकुलती मुलगी मनोरमा गेली. काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या आणि १९२४ साली संपूर्ण बायबल प्रसिद्ध झालं.

आता माझ्या घरातलं थोडं. आम्ही लहानपणी मौलवीसाहेबांपुढं बसून सिपारा वाचायला शिकलो. अरबी अक्षरं, त्यांचे उच्चार, कुठं थांबायचं, कुठं लांबवायचं. अर्थ पुढं मराठी भाषांतरातून आला. पण त्या नुसत्या नादानंही काही दिलं. एका अक्षराला धक्का लागू द्यायचा नाही, ही अदब दिली. कुरआन ठहर ठहर के वाचावं, असं खुद्द कुरआनच सांगतं. त्याच्यावर विचार करावा, असंही सांगतं. त्यामुळे पवित्र वाचनाबद्दल ऐकलं, तेव्हा मला ते परकं वाटलं नाही. श्रद्धेत फरक आहे आणि तो लपवायचं कारण नाही. ख्रिस्ती माणूस येशूला देवाचा पुत्र, देहधारी शब्द मानतो. आम्ही हजरत ईसांना पैगंबर मानतो. त्या उंबऱ्याशी मी थांबतो. पण उंबऱ्यावरून आतला दिवा दिसतो. विनोबांनी 'कुराण-सार'ही काढलं आणि 'ख्रिस्तधर्म-सार'ही काढलं. ते काही घर सोडून गेले नव्हते.

ही रीत पुस्तकाबाहेर कशी दिसते, ते मी आमच्या गल्लीत पाहिलं. एमआयडीसी आल्यापासून कारेगावात भाडेकरूंच्या खोल्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. आमच्या शेजारच्या खोलीत काही काळ नगरकडचं एक ख्रिस्ती कुटुंब होतं. मुलगा एका कंपनीत ठेकेदाराकडून कामाला, बहुतेक रात्रपाळी. त्याची आई, आम्ही त्यांना मावशी म्हणत असू, संध्याकाळी दारात बसून अक्षराखाली बोट धरून बायबल वाची. एक गोष्ट आठ-आठ दिवस चाले. मुलाला कंपनीनं 'ब्रेक' दिला, तेव्हा त्यांची लूकमधली गोष्ट चालली होती. कोळ्यांनी रात्रभर जाळं टाकलेलं, मासा एक नाही आणि सकाळी ते किनाऱ्यावर जाळी धूत आहेत. मग येशू येतो, पुन्हा जाळं टाकायला सांगतो आणि होडी भरते. मी विचारलं, "मावशी, होडी भरते तिथवर आलात का?" त्या म्हणाल्या, "न्हाई भाऊ, मी अजून जाळी धुत्यात तिथंच हाये. मासा घावला न्हाई, तरीबी जाळी धुत्यात. उद्या परत टाकायचीत म्हणून ना?"

मागं दोरीवर मुलाचा कंपनीचा शर्ट वाळत होता. धुतलेला. नोकरी काही त्या आठवड्यात मिळाली नाही, त्याच्या पुढच्या आठवड्यातही नाही. पुढं ते कुटुंब दुसऱ्या गावी गेलं. पण ही गोष्ट सांगणारे सगळे चमत्काराकडे धावतात. त्याआधीच्या त्या अर्ध्या वाक्यावर थांबलेलं मी दुसरं कुणी पाहिलं नाही. कवितेत आम्ही याच थांबण्याची वाट पाहत असतो.

या रीतीत एक धोकाही आहे, तो सांगायला हवा. एकटा माणूस ओळीपाशी बसला, की ओळीतून त्याला स्वतःचाच आवाज ऐकू येऊ शकतो. आपल्याला हवं तेच देव बोलला, असं वाटू शकतं. धर्मग्रंथातली ओळ तोडून तिची तलवार करणारे आपण सर्वच धर्मांत पाहिले आहेत. जाणत्या ख्रिस्ती गुरूंनी यावर उपाय सांगितले आहेत. ओळ घ्या, पण तिच्या मागचा-पुढचा अध्याय वाचा. चारचौघांत बसून वाचा, जाणत्याला विचारा. आणि ओळ जर तुम्हाला शेजाऱ्यापासून दूर नेत असेल, तर पुन्हा पहिल्यापासून वाचा.

करून पाहायचं असेल, तर रीत सोपी आहे. दिवसातली वीस मिनिटं पुरतात. आपल्या श्रद्धेचा जो ग्रंथ असेल तो घ्यावा. ज्ञानेश्वरी, गाथा, कुरआन, बायबल, धम्मपद. चार-सहा ओळींहून जास्त नको. एकदा मोठ्यानं वाचावं, मग पुन्हा हळू. जो शब्द अडवील तिथं अडावं. तो का अडवतो, हे आपल्या त्या दिवसाच्या जगण्यात शोधावं. मग जे बोलावंसं वाटेल ते बोलावं, आणि शेवटी काही क्षण नुसतं गप्प बसावं. उठताना एक ठरवावं : आज या ओळीचं मी काय करणार? पाणी कुणाला देणार?

हल्ली शब्दांचा तुटवडा नाही. मोबाइलवर पहाटेपासून सुविचार येत असतात आणि आपण अंगठ्यानं ते वर ढकलत असतो. त्यांतला एखादा खराही असेल. पण जो पाहुणा दारात उभा आहे त्याला बसायला सांगितलं, तरच तो काय सांगायला आला आहे ते कळणार. आज रात्री एका ओळीला बसायला सांगा. घाई करू नका.