सपाट दाराला पट्टीची चौकट



वर्धापनदिनी पाककृती किंवा भरतकाम यांवर बोलण्याचा आपला प्रघात आहे. मला मात्र स्वयंपाकघरातील कपाटांच्या दारांविषयी सांगावयाचे आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतच. तेव्हा सुताराजवळ उभे राहून जे पाहिले आणि स्वतःच्या हाताने जे केले, तेवढेच बोलेन.

आपल्या हिंगण्यात बहुतेकींच्या ओट्याखालची कपाटे प्लायवूडची, वर सनमायका, आणि दारे पाटासारखी सपाट. दहा-बारा वर्षांनी ती जुनाट दिसू लागतात. मग सुतार म्हणतो, "बाई, सगळंच काढून टाका." आमच्याकडेही तो तेच म्हणाला. त्याने सांगितलेला आकडा ऐकून हे गप्पच बसले, कारण त्याच महिन्यात लेकीच्या कॉलेजची फी भरावयाची होती. मी दारांवर बोटाने टकटक करून पाहिले, कडा दाबून पाहिल्या. कोठे भुसा नाही, वाळवी नाही, फुगवटा नाही. दार धडधाकट असता केवळ रूप गेले म्हणून ते फेकावे, हे मला पटेना. आमची सहा दारे. ती तशीच ठेवून त्यांवर लाकडी पट्टीची चौकट बसवावयाची, असे मी ठरविले.

या चौकटीमागे कारण आहे. जुन्या वाड्यांची दारे आठवा. चारी बाजूंनी जाड लाकूड आणि त्याच्या खाचेत बसविलेला दिलहा. ती नुसती शोभा नव्हे. फळी पावसाळ्यात रुंदीने फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. खाचेत मोकळी असली म्हणजे तिला हलावयास जागा मिळते व ती फाटत नाही. प्लायवूडचे पातळ थर एकमेकांवर आडवे-उभे चिकटविलेले असतात, म्हणून ते फारसे हलत नाही आणि सपाट दारही चालते. त्यावर पट्टी खुशाल चिकटवावी. परंतु ज्यांची दारे अखंड सागवानी फळ्यांची आहेत, त्यांनी आडवी पट्टी घट्ट चिकटवून हा उद्योग करू नये. फळीला हलता आले नाही की ती तडकते. तशी दारे घासून पॉलिश केली तरी पुरे.

सागवानाला आपल्या भागात तोटा नाही. 2023 साली उघडलेल्या दिल्लीच्या नव्या संसद भवनासाठी नागपूरहून सागवान गेले, आणि त्याच वर्षी अयोध्येच्या राममंदिरासाठी बल्लारपूरहून. आपल्याला मात्र बोटभर रुंदीची पट्टी हवी. ती नागपुरात लकडगंजला मिळते.

आता हिशेब. माझे दार 18 इंच रुंद, 24 इंच उंच. चारी बाजूंनी 2 इंच सोडले की चौकट 14 बाय 20 इंचांची होते. म्हणजे एका दाराला 68 इंच पट्टी, सहा दारांना 34 फूट. कोपऱ्यांच्या तिरक्या कापात तुकडे वाया जातात, म्हणून मी 40 फूट आणली. जाडी 2 सूत, म्हणजे पाव इंच. याहून जाड घेतली तर कोपऱ्यातली दोन दारे उघडताना एकमेकांवर आपटतात. कोरीव पट्टी दुकानात फार मोहक दिसते, पण फोडणीचे तेल तिच्या खाचाखाचांत बसते आणि घासावयाची आपल्यालाच! साधी अर्धगोल घ्यावी.

पट्टी आणल्याबरोबर कापू नये. आठ-दहा दिवस स्वयंपाकघरातच ठेवावी, म्हणजे तिथल्या हवेला ती सरावते. भर पावसाळ्यात तर हे काम काढूच नये. ओली पट्टी बसविली आणि पुढे मे महिन्यात आपल्याकडचा पारा 45 वर गेला, की कोपऱ्यांचे जोड उघडे पडतात. दिवाळीनंतरचे दिवस चांगले.

तोवर वर्तमानपत्राच्या पट्ट्या कापून दारावर चिकटवून पाहाव्यात. आमच्या जाऊबाईंना चौकट कडेशी हवी होती, मला थोडी आत. चार दिवस दोन्ही प्रकार लावून ठेवले. रांगोळीला भोवती मोकळी जागा लागते तशी चौकटीलाही लागते, हे मग त्यांनाही दिसले.

दारे बिजागरीतून काढून मागे पेन्सिलीने आकडे घालावेत. धुण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने तेलकटपणा काढावा आणि पट्टी बसेल तेवढीच सनमायका काचकागदाने खरखरीत करावी. गुळगुळीत भागावर फेविकॉल धरत नाही. कोपऱ्याचे काप 45 अंशांचे, आणि ते सुताराकडूनच करून घ्यावेत. त्यात कंजुषी नको. चौकट ठेवल्यावर दोन्ही कर्ण दोरीने मोजावेत. सारखे भरले तरच चौकट काटकोनात आहे. मग फेविकॉल, बारीक खिळे, आणि वर रात्रभर गहू-तांदळाचे भरलेले डबे. सकाळी फटींत लांबी भरून, घासून, रंग.

सुताराची अर्ध्या दिवसाची मजुरी, पट्टी आणि रंग धरून नव्या दारांच्या पाचव्या हिश्श्यातही खर्च गेला नाही. फी वेळेवर भरली. गॅसच्या शेगडीखालचे दार तेवढे मी मुद्दाम सपाट ठेवले आहे, कारण त्यावर रोजच फडके फिरते.

माझ्याकडे पट्टीचे काही तुकडे उरले आहेत. ज्यांना कागदी नमुन्याऐवजी खरी पट्टी दारावर धरून पाहावयाची असेल, त्यांनी दुपारी तीननंतर यावे.