पाव विकत आणावा

घरी पाव भाजणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. त्यांनी जरूर भाजावा, मला बोलवावं, मी लोणी लावून खाईन. पण 2020च्या टाळेबंदीत वाढलेली ही हौस आता आमच्या रेल्वे कॉलनीतही रुजली आहे, आणि “अगंबाई, तुम्ही अजून बाहेरचाच पाव खाता?” असं कुणी विचारलं की मला राहवत नाही.

मी कोलकात्यात गार्डन रीचला राहते. दक्षिण पूर्व रेल्वेचं मुख्यालय इथलं. मूळची ही बंगाल नागपूर रेल्वे, त्यामुळे आम्हा नागपूरकरांना परकं वाटत नाही. शेजारीच मटियाबुर्ज. अवधचं राज्य गेल्यावर 1856 मध्ये तिथले नवाब वाजिद अली शाह कोलकात्याला आले आणि 1887 मध्ये इथेच वारले. त्यांच्यामागून गवई आले, शिंपी आले, खानसामे आले. इथल्या बिर्याणीतल्या बटाट्याचं कौतुक सगळेच करतात. मला शीरमाल रोटी जास्त मोलाची वाटते. मैदा, दूध, तूप, केशर, आणि तंदूरची धग. खाण्याचा एवढा अभिमान असलेल्या या वस्तीतही शीरमाल दुकानातून येते, आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही.

गोव्यात तर पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून दारात येतो.

पाव बाहेरून येण्याचं कारण उघड आहे. भट्टी तापायला वेळ लागतो, सरपण लागतं. एकदा तापली की घाण्यामागून घाणे निघतात. घरी मात्र 1500 वॉटचा ओव्हन आधी तापवून चाळीसेक मिनिटं चालवायचा, म्हणजे एका पावामागे एक युनिट वीज. शिवाय इथली हवा. दमट उन्हाळ्यात पीठ बघता बघता फुगतं, जरा नजर हटली की आंबूस होतं. जानेवारीत तेच ढिम्म हलत नाही. घरात पिठाचं वेळापत्रक चालतं, आपलं नाही. रोज दोन वेळा पोळ्या लाटणाऱ्या बाईने हे कशासाठी ओढवून घ्यायचं? निदान एक पदार्थ तरी असा असू द्या, की जो दुसऱ्याच्या हातचा येतो.

आणि दुसऱ्याच्या हातचा म्हणूनच तर पावाला आपल्याकडे मान मिळाला! 1849च्या सुमारास मुंबईत परमहंस सभा निघाली. तिच्यात येणाऱ्याला ख्रिस्ती माणसाने केलेला पाव खावा लागे. जातीचं बंधन तोडल्याची ती खूण. घरच्या ओट्यावर भाजलेल्या पावाने ते कसं साधलं असतं?

तेव्हा आज संध्याकाळी मी कोपऱ्यावरून पाउंडाचा पाव आणणार. काप करायचे, अंड्यात कांदा-मिरची फेटायची, आणि बंगाली मंडळींचा डिम टोस्ट तव्यावर परतायचा. मळणं नाही, लाटणं नाही. ज्यांना घरी भाजायचाच आहे त्यांनी खुशाल यावं, माझा ओटा रिकामा आहे. ओव्हन मात्र आपापला आणावा.