संगणकात राहिलेली किल्ली



मागे तालुक्याच्या गावी एका सार्वजनिक संगणकावर मी माती परीक्षणाचे अहवाल पाहिले. ते पासवर्ड लावलेल्या फोल्डरमध्ये होते. काम संपल्यावर टॅब बंद करून चहाला गेलो. परत येऊन पाहतो तो, तेथे बसलेल्या मुलाने जुन्या यादीतील पत्ता दाबताच तेच अहवाल पासवर्ड न विचारता उघडले! त्यात शेतकऱ्यांची नावे, गट नंबर, मोबाईल नंबर, सारेच होते. चूक माझीच.

बँकेच्या संकेतस्थळावर काही मिनिटे आपण काहीच केले नाही, तर सर्व्हर आपणांस बाहेर काढतो. कारण तो आपल्या प्रवेशाची नोंद व वेळ ठेवतो. फोल्डरला थेट पासवर्ड लावण्याच्या 'बेसिक ऑथेंटिकेशन' या जुन्या पद्धतीत, जी १९९६ च्या एचटीटीपी नियमावलीतही आहे, अशी नोंदच नसते. छोट्या चौकटीत टाकलेला पासवर्ड ब्राउझर लक्षात ठेवतो आणि प्रत्येक पान मागताना स्वतःच पुन्हा पाठवतो. फाटकावरचा राखणदार दर वेळी किल्ली तपासतो खरा, पण किल्ली संगणकाच्याच खिशात! मुदत नाही, बाहेर पडण्याचे बटणही नाही.

म्हणून परक्या संगणकावर काम झाल्यावर ब्राउझरच्या सर्व खिडक्या बंद कराव्यात. पासवर्ड जतन करू का, असे विचारल्यास नकार द्यावा. पत्ता 'एचटीटीपीएस'चा नसेल तर पासवर्ड टाकूच नये. तो वाटेत सहज वाचता येतो.

आपल्या उत्पादक कंपनीचे संकेतस्थळ करून घेणार असाल, तर वेळमर्यादा असलेली प्रवेशपद्धत पहिल्याच दिवशी मागा. मागाहून बदल करण्यास जास्त पैसे पडतात.