गर्भारपणातली साखर आणि घराचं पथ्य



हा विषय महिला मंडळात ठेवू या, असं संयोजकांचं आधी मत होतं. मीच नको म्हटलं. गर्भारपणात साखर वाढली की बोट टोचायचं ते बाईने, पथ्य करायचं ते बाईने आणि ‘गोड खाल्लंस म्हणून झालं’ हे ऐकून घ्यायचं तेही बाईनेच. पण तिच्या ताटात काय पडतं, किती वाजता पडतं आणि जेवण झाल्यावर तिला पंधरा मिनिटं चालायला सोडतात की भांड्यांकडे पाठवतात, हे घर ठरवतं. म्हणून नवरे, सासरे, सासूबाई आणि आया, सगळे ज्या मांडवात बसतात तिथेच हे बोलावं, असं मला वाटलं.

आधी दोषाचं बघू. गर्भ वाढू लागला की त्याच्याबरोबर वार वाढते. ही वार काही संप्रेरकं सोडते आणि ती आईच्या इन्सुलिनला अडवतात. बाळाला रक्तातून साखर मिळत राहावी, ही निसर्गाचीच सोय आहे. त्यावर मात करायला आईच्या स्वादुपिंडाला नेहमीपेक्षा कितीतरी जास्त इन्सुलिन तयार करावं लागतं. बहुतेकींना ते जमतं. काहींना जमत नाही आणि त्यांची साखर साधारण सहाव्या महिन्याच्या आसपास चढू लागते. घरात मधुमेह असणं, वजन जास्त असणं, वय वाढलेलं असणं यांनी शक्यता वाढते. पण एखादा पेढा खाल्ल्याने हा आजार होत नाही.

आईची साखर वारेतून बाळाकडे जाते, आईचं इन्सुलिन मात्र जात नाही. पुढचा सगळा प्रकार यातून घडतो. जास्तीची साखर आली की बाळाचं स्वतःचं स्वादुपिंड कामाला लागतं आणि भरपूर इन्सुलिन बनवतं. त्या इन्सुलिनने बाळाच्या अंगावर चरबी चढते, खांदे आणि पोट मोठं होतं, प्रसूतीत खांदा अडकण्याचा धोका वाढतो. जन्मानंतर नाळ कापली की आईकडची साखर बंद होते, पण बाळाचं इन्सुलिन लगेच थांबत नाही. म्हणून पहिल्या काही तासांत बाळाची साखर घसरू शकते. अशा बाळाला पहिल्या तासातच अंगावर घ्यायला सांगतात आणि टाचेतून थेंबभर रक्त घेऊन तपासतात ते याचसाठी. कोपनहेगनच्या यॉर्गन पेडरसन यांनी ही साखळी १९५०च्या दशकात मांडली आणि ती आजही टिकून आहे.

जिला लग्नाआधीपासून किंवा दिवस राहण्याआधीपासून मधुमेह आहे, तिची गोष्ट वेगळी. बाळाचे अवयव पहिल्या आठ आठवड्यांतच आकार घेतात. पाळी चुकली हे लक्षात येऊन ती दवाखान्यात पोचेपर्यंत हा काळ बराचसा सरलेला असतो. त्यामुळे तिने मूल हवं असं ठरवतानाच डॉक्टरांना भेटायचं, तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, शक्यतो ६.५च्या खाली आणायची, फॉलिक अ‍ॅसिड सुरू करायचं, डोळे तपासून घ्यायचे आणि चालू असलेल्या गोळ्यांपैकी कुठल्या बदलायच्या ते विचारायचं.

आता तपासणी. चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या यांनी आपल्याकडच्या बाईची अडचण नेमकी ओळखली. वाडीवरची बाई पहाटेपासून उपाशी राहून, एसटीने तालुक्याला येऊन, अकरा वाजता रक्त द्यायला उभी राहू शकत नाही. म्हणून त्यांनी पुरस्कार केलेल्या चाचणीत उपाशी असण्याची अट नाही. ७५ ग्रॅम ग्लुकोज सुमारे ३०० मिलिलिटर पाण्यात घोळून प्यायचं आणि दोन तासांनी रक्त द्यायचं. आकडा १४० किंवा त्याहून जास्त आला तर ती गर्भारपणातली साखर. केंद्र सरकारनेही हीच पद्धत स्वीकारली आहे: पहिल्या भेटीत एकदा आणि तेव्हा ठीक आली तर २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा एकदा. दुसरी चाचणी चुकवू नका, कारण वारेचा जोर तेव्हाच वाढलेला असतो. १० मार्च हा शेषय्यांचा जन्मदिवस आपल्या देशात या आजाराच्या जागृतीसाठी पाळला जातो.

‘मी तर बारीक आहे, मला कुठली साखर?’ असं म्हणणाऱ्या पुष्कळ भेटतात. त्याचं उत्तर पुण्यातच मिळालं आहे. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या मातांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं सगळ्याच मापांत लहान, पण त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. म्हणजे दिसायला किडकिडीत, आतून चरबीचं. तेव्हा बाईच्या अंगकाठीवरून साखरेचा अंदाज बांधू नये.

साखर निघाली की घरात दोन टोकं दिसतात. कालपर्यंत ‘दोन जिवांचं खा’ म्हणणारं घर आज तिचा भातच बंद करतं. दोन्ही चूक. फार उपाशी राहिलं तर शरीर चरबी जाळतं, लघवीत कीटोन दिसू लागतात आणि ते बाळासाठी बरं नाही. पथ्य म्हणजे वाटणी. तीन वेळची जेवणं आटोपशीर, मध्ये दोन-तीन छोटी खाणी, आणि पिष्टाबरोबर प्रत्येक वेळी डाळ, उसळ, दही, अंडं यांपैकी काहीतरी.

सकाळचा नाश्ता सगळ्यांत अवघड. पहाटेच्या संप्रेरकांमुळे तेव्हा इन्सुलिनचा प्रभाव कमी असतो. बशीभर पोहे, साखरेचा चहा आणि दोन बिस्किटं, एवढ्यावर दोन तासांनी आकडा १५०च्या वर गेलेला मी नेहमी पाहते. त्याच घरात दुसऱ्या दिवशी पोहे अर्धी बशी, त्यात शेंगदाणे आणि मटार, सोबत वाटीभर मटकीची उसळ आणि बिनसाखरेचा चहा झाला की बहुधा आकडा उतरतो. मुगाचं धिरडंही चालतं. ज्वारीची भाकरी चांगली, पण तीही पिष्टच, मोजूनच खायची. गूळ आणि मध ही साखरच. चतुर्थीला साबुदाण्याची खिचडी म्हणजे पिष्टात बटाटा. या महिन्यांत उपास सोडलेला बरा. आणि दिवस आंब्याचे आहेत, तेव्हा तुमच्या मनातला प्रश्न मीच घेते: आकडे ताब्यात असतील तर हापूसची अर्धी फोड मधल्या वेळेला, मूठभर दाण्यांबरोबर. आमरस-पुरीचं ताट मात्र नाही. सातव्या महिन्याचं डोहाळजेवण जरूर करा, फुलांची वाडी भरा, ओटी भरा. फक्त येणाऱ्या प्रत्येकीने तिला एकेक घास गोडाचा भरवू नका.

घरी मापताना उद्दिष्टं लक्षात ठेवा: उपाशीपोटी ९५च्या खाली, जेवणानंतर एका तासाने १४०च्या खाली किंवा दोन तासांनी १२०च्या खाली. टोचण्याआधी हात साबणाने धुऊन कोरडे करा. आंबा कापलेल्या बोटाला रस चिकटलेला असला तर यंत्र त्या रसाचीच साखर दाखवतं आणि घर उगाच हादरतं. टोचायचं ते बोटाच्या कडेला. मधल्या मऊ भागापेक्षा तिथे कमी दुखतं.

साधारण दोन आठवडे आहार आणि चालणं नेटाने करूनही आकडे बसले नाहीत, तर औषध लागतं, बहुधा इन्सुलिन. ‘एकदा सुई लागली की जन्माची’ ही भीती काढून टाका. आठवडे सरतात तसा डोस वाढतो, कारण वार वाढते आहे. तिचं पथ्य मोडलं असा त्याचा अर्थ नव्हे. प्रसूतीत वार बाहेर पडली की गरज झटकन उतरते आणि बहुतेकींचं इन्सुलिन त्याच वेळी थांबतं. एक काळजी घ्या: आपल्याकडची साधी बाटली ४० युनिटांची असली तर तिला लाल टोपणाची ४०चीच सिरिंज हवी, १०० युनिटांची सिरिंज वापरली तर डोस चुकतो. हातपाय थरथरले, घाम फुटला, आकडा ७०च्या खाली आला, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मापा. हे शेजारच्या खोलीत झोपणाऱ्या माणसालाही ठाऊक हवं.

एवढ्या खटाटोपाचा उपयोग होतो का? ऑस्ट्रेलियात सुमारे हजार बायकांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००५ साली आले. नेहमीच्या देखभालीत बाळाला गंभीर इजा होण्याचं प्रमाण ४ टक्के होतं. आहार, मापन आणि गरजेप्रमाणे इन्सुलिन दिलेल्या गटात ते १ टक्का झालं. त्यात महागडं यंत्र नव्हतं. हेच स्वयंपाकघर आणि हीच सुई होती.

शेवटी सगळ्यांत जास्त चुकतं त्याबद्दल. बाळंतपण झालं, साखर उतरली, डिंकाचे लाडू वळले, प्रकरण मिटलं असं घर समजतं. प्रत्यक्षात अशा बाईला पुढे कायमचा मधुमेह होण्याची शक्यता इतर बायकांच्या सात ते दहा पट असते. वजन आटोक्यात ठेवणं, चालणं, बाळाला अंगावर पाजणं यांनी ती कमी होते, पण आधी कळायला हवं. त्यासाठी प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनी पुन्हा ७५ ग्रॅमची चाचणी करायची, या वेळी उपाशीपोटी, आणि पुढे नियमित तपासत राहायचं. बाळाचा दीड महिन्याचा डोस आपल्या घरांत सहसा चुकत नाही. आईची ही चाचणी मात्र हमखास राहते. दोन्हींची वेळ एकच आहे. तेव्हा बाळाच्या लसीच्या कार्डावर त्या तारखेशेजारी आईच्या तपासणीची तारीख लिहा, आणि त्या दिवशी तिला घेऊन जाण्याचं काम बाळाच्या बाबांनी अंगावर घ्यावं. आता तुमचे प्रश्न घेते. पहिला प्रश्न पुरुषांकडून यावा, एवढीच विनंती.