सलाम कुणाला, सजदा कुणाला

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



ऐंशीच्या दशकात आमच्या रिसोडला व्हिडिओवर सिनेमे दाखवायचे. एका खोलीत सतरंजी, समोर टीव्ही, आणि तिकीट म्हणून खिशात असेल ते. ब्रूस लीचा 'एंटर द ड्रॅगन' जगात 1973 साली आला, आमच्याकडे पोचायला त्याला दहा वर्षं लागली. पण पोचला तो असा, की दुसऱ्या दिवसापासून गावातल्या सायकलींच्या जुन्या चेन गायब व्हायला लागल्या. बाभळीची दोन दांडकी, मध्ये चेनचा तुकडा, झाला नानचाकू तयार! तो फिरवताना आमच्यातल्या प्रत्येकाने स्वतःच्याच डोक्यावर टेंगूळ आणलं.

त्या सिनेमांमुळे आमची एक पक्की समजूत झाली होती. कुंग फू शिकवणारा म्हणजे मुंडण केलेला, भगव्या कपड्यातला बौद्ध भिक्षू. पुढे बी.ए.ला इतिहास घेतला, वाचनाची चटक लागली, आणि एके दिवशी एक वेगळीच हकिकत हाती आली. 1928 साली चीनच्या सरकारी पाठिंब्याने नानजिंगला पारंपरिक युद्धकलांची मध्यवर्ती संस्था निघाली. तिचा प्रमुख होता एक निष्ठावान ख्रिस्ती. आणि त्या संस्थेत शाओलिन शाखेचा, म्हणजे बौद्ध मठाच्या नावाने चालणाऱ्या शाखेचा, पहिला प्रमुख होता एक मुसलमान. आज या दोघांविषयी सांगायचं आहे. मी मराठीत कविता करणारा मुसलमान असल्याने या गोष्टीत माझाही थोडा स्वार्थ आहे. तो पुढे कळेलच.

ख्रिस्ती गृहस्थाचं नाव झांग झीजियांग. जन्म 1882 चा, उत्तर चीनमधल्या हेबेई प्रांतातल्या त्सांगझोऊ परिसरातला. आपल्याकडे कोल्हापूरचं नाव घेतलं की कुस्ती आठवते, तसं तिकडे त्सांगझोऊचं नाव घेतलं की मुष्टियुद्ध आणि तलवार आठवते. झांग पेशाने सैनिक. तो फेंग युश्यांग या सेनापतीच्या हाताखाली वर चढला. फेंगला जग 'ख्रिस्ती सेनापती' म्हणून ओळखत होतं. त्याने आपल्या पलटणींना पाण्याच्या पाइपने एकदम बाप्तिस्मा दिला, अशी दंतकथाही आहे. दंतकथा ती दंतकथाच, पण त्याच्या छावणीत प्रार्थना आणि रुंद पात्याच्या तलवारीची कवायत या दोन्ही गोष्टी रोजच्या होत्या, हे खरं. झांगची श्रद्धा याच छावणीत पक्की झाली. नंतर त्याला पक्षाघाताचा झटका आला आणि ताईचीच्या संथ हालचालींनी तो सावरला, असं सांगितलं जातं. ज्या विद्येने शरीर परत दिलं, ती देशाला द्यावी, असं त्याने मनावर घेतलं. त्या वेळी चीनला 'पूर्व आशियाचा रोगी' म्हणून हिणवलं जायचं. ते झांगला फार लागायचं.

आता अडचण बघा. चिनी युद्धकला ही निव्वळ हातापायांची हालचाल नाही. जुन्या आखाड्यात आद्यगुरूची तसबीर असते, पुढे उदबत्ती जळते, शिष्य गुडघे टेकून गुरू करतो. शिकवताना 'ची'ची भाषा असते, आपण जिला प्राण म्हणतो तिच्या जवळची. ताईचीच्या मुळाशी ताओ मताचा यिन-यांग विचार आहे. ज्याच्या धर्माची पहिलीच आज्ञा दुसरे देव नकोत अशी आहे, त्या माणसाने या तसबिरीपुढे काय करायचं?

हा प्रश्न चीनमधल्या ख्रिस्ती मंडळींना नवा नव्हता. पूर्वजांच्या नावाच्या पाटीपुढे आणि कन्फ्यूशियसपुढे वाकणं ही पूजा की नुसता आदर, यावर सतराव्या-अठराव्या शतकात मिशनऱ्यांमध्येच मोठं भांडण झालं. जेझुइट पाद्री म्हणायचे, हा घरगुती रिवाज आहे, असू द्या. डोमिनिकन म्हणायचे, ही मूर्तिपूजाच. रोमने अखेर 1742 साली बंदीवर शेवटचं शिक्कामोर्तब केलं. ती बंदी उठली 1939 साली. एका वाकण्याचा अर्थ ठरवायला जवळपास दोनशे वर्षं! झांग प्रोटेस्टंट होता, रोमचा निकाल त्याला लागू नव्हता. पण हवेत प्रश्न तोच होता.

झांगच्या संस्थेने काढलेली वाट साधारण अशी. या विद्येला त्यांनी 'ग्वोशू' म्हटलं, म्हणजे राष्ट्राची कला. घराण्यांची गुपितं, चमत्काराच्या कहाण्या, मंत्रतंत्र यांवर भर नको. अभ्यासक्रम हवा, परीक्षा हवी, मुलींनाही प्रवेश हवा. सुरुवातीला संस्थेत दोन दरवाजे होते, एक शाओलिन, दुसरा वुडांग. एक बौद्ध मठाच्या नावाचा, दुसरा ताओपंथी डोंगराच्या नावाचा. दोन्हींकडचे उस्ताद एकमेकांना पाण्यात पाहू लागले, प्रकरण हातघाईवर आलं, आणि काही महिन्यांतच दोन्ही दरवाजे बंद करण्यात आले. कारण धर्माचं नव्हतं, मानापमानाचं होतं. आपल्या साहित्य संस्थांचा अनुभव असलेल्यांना हे जास्त समजावून सांगायला नको.

त्या शाओलिन दरवाज्यावर बसवलेला माणूस वांग झीपिंग. जन्म 1881, गाव तेच त्सांगझोऊ, समाज हुई, म्हणजे चिनी बोलणारे मुसलमान. या समाजात युद्धकला पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. 'चाछुआन' नावाची मुष्टियुद्धाची एक शैली तर त्यांचीच मानली जाते. मशिदीच्या आवारात पहाटेच्या नमाजनंतर पोरांनी कसरत करायची, ही तिकडे सवयीची गोष्ट. वांगविषयी एक गोष्ट आवडीने सांगतात. शानडोंगमधल्या एका जुन्या मशिदीचे कोरीव दरवाजे जर्मन लोक उचलून नेऊ पाहत होते, तेव्हा हा एकटा आडवा उभा राहिला. गोष्टीत मीठमसाला किती आहे देव जाणे. पण तो ताकदीचा पैलवान होता, आणि हाडवैद्यही होता. आपल्याकडच्या तालमीतल्या वस्तादासारखाच. पोरगं मोडणारा आणि निखळलेलं हाड बसवणारा माणूस एकच!

हा वांग बौद्ध मठाचं नाव लावून शिकवायचा आणि नमाजही पढायचा. त्याने शाओलिनचं नाव बदलून घ्या असा हट्ट धरला नाही. बोधिधर्माची कथाही कुणी खोडून काढली नाही. (हा बोधिधर्म भारतातून गेला आणि त्याने चिन्यांना कराटे शिकवलं, असं आपल्याकडे छाती फुगवून सांगतात. अभ्यासक ती कथा फार उशिरा जोडलेली मानतात. छाती थोडी आवरलेली बरी.)

श्रोतेहो, हे वाचताना मला माझे मामू आठवले. ते तरुणपणी गावच्या तालमीत खलिफा होते. शब्दाने दचकू नका, तालमीत खलिफा म्हणजे वस्तादाच्या हाताखालचा, पोरांकडून मेहनत करून घेणारा. हौद्यातली लाल माती ते स्वतः तयार करायचे. हळद, तेल, ताक, लिंबू, सगळं प्रमाणात. कोनाड्यात मारुती. शनिवारी नारळ फुटायचा. मामू फजरची नमाज पढून तालमीत जायचे. मारुतीच्या दिव्याचं तेल बाजारातून तेच आणायचे, दिवा मात्र दुसरा कुणी लावायचा. खोबरं वाटलं की घ्यायचे. हौद्यात उतरताना माती कपाळाला लावायचे. मी लहानपणी विचारलं होतं, की मामू, हे चालतं का? ते लंगोट पिळता पिळता म्हणाले, "सलाम मट्टी को, सजदा अल्ला को. इसमें क्या मुश्किल है?"

त्यांना मुश्किल वाटलं नाही, आणि त्यांच्याबरोबर घाम गाळणाऱ्या पाटलांच्या, माळ्यांच्या, बौद्धवाड्यातल्या पोरांनाही वाटलं नाही. मुळात तालमीतली भाषाच बघा. तालीम हा शब्द अरबी, शिकवण या अर्थाचा. वस्ताद, पैलवान, कुस्ती, जोर हे फारसी. आखाडा, मल्ल आणि लंगोट इथल्या मातीतले. इराणात 'जोरखाना' म्हणून व्यायामशाळा असते, तिथेही हौदा खोलगट असतो, मुद्गल फिरवतात, आणि नाव घेतात हजरत अलींचं. आपल्याकडे त्याच मेहनतीवर बजरंगबलीचा जयजयकार होतो. बडोद्यात मराठी माणसाने उभी केलेली एक मोठी व्यायामशाळा आहे, जुम्मादादा व्यायाम मंदिर. राजरत्न माणिकराव हे तिचे नामांकित प्रमुख, आणि जुम्मादादा हे त्यांचे मुसलमान गुरू. गुरूचं नाव दारावर आणि पुढे 'मंदिर' हा शब्द. त्याच बडोद्यात द. चिं. मुजुमदारांनी मराठीत व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड काढले.

आता एक योगायोग सांगतो, तो मला फार आवडतो. 1936 साली बर्लिनला ऑलिम्पिक झालं. झांगच्या प्रयत्नाने चीनच्या युद्धकलांचं पथक तिथे प्रात्यक्षिकं दाखवायला गेलं. त्यात तीन स्त्रिया होत्या, आणि झांग वनग्वांग हा हुई मुसलमान तरुणही होता. त्याच उन्हाळ्यात, त्याच बर्लिनमध्ये आमच्या वऱ्हाडातल्या अमरावतीचं, 1914 साली वैद्य बंधूंनी स्थापन केलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक मलखांब आणि कबड्डी दाखवत होतं. दोन्ही गुलाम नाहीतर गांजलेले देश. दोघांनी जगाला दाखवायला काय नेलं, तर आपल्या मातीतली कसरत. एकाच्या पाठीशी ख्रिस्ती सेनापती, दुसऱ्याच्या नावात हनुमान.

आता माझा स्वार्थ. मी मराठीत लिहितो. ओवी, अभंग हे साचे माझ्या कानात लहानपणापासून आहेत, पालखीच्या वाटेवरून आलेले. माझ्या कवितेत विठ्ठल येतो, वीट येते, चंद्रभागा येते. एका बाजूचे लोक विचारतात, "तुम्ही हे कसं लिहिता?" दुसऱ्या बाजूचे लोक पाठ थोपटून म्हणतात, "म्हणजे तुम्ही आमचेच!" मला दोन्हींचा सारखाच वैताग येतो. इंग्रज जेझुइट फादर स्टीफन्सने ख्रिस्ताची कथा ओवीत बांधली, ती 1616 साली गोव्यात छापली गेली. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतल्यावरही अभंग आणि कीर्तन सोडलं नाही, उलट चर्चमध्ये आणलं. त्यांनी उसना साचा घासूनपुसून त्याचा वास घालवला नाही. टिळकांच्या अभंगाला तुळशीचा वास येतोच.

म्हणून झांगबद्दल मला आदर असूनही एका गोष्टीत मन वांगकडे झुकतं. विद्या सर्वांसाठी खुली करायची म्हणून तिच्यातला देव, गुरू, कहाणी सगळं काढून टाकलं, की ती कवायत होते. कवायतीने शरीर घडतं, हे कबूल. पण पोरांना रात्री झोपताना आठवते ती कहाणी. आजही जगभर ख्रिस्ती शिक्षक कुंग फू, ताईची शिकवतात. कुणी उदबत्ती काढून वर्ग प्रार्थनेने सुरू करतो, कुणी 'ची'ला साधा श्वास म्हणतो, कुणी तसबीर ठेवतो पण तिच्यापुढे गुडघे टेकत नाही. काहींनी या ओढाताणीत शिकवणंच सोडलं. मी त्यांना हसणार नाही. ज्याला आपली वाकण्याची जागा नक्की ठाऊक नाही, त्याने थांबलेलं बरं. ठाऊक आहे, त्याला दुसऱ्याच्या कोनाड्याची भीती बाळगायचं कारण नाही.

गेल्या वर्षी आमच्या ओळखीच्या एका रिक्षावाल्याने मला रस्त्यात थांबवलं. त्याची मुलगी कराटेच्या क्लासला जायला मागत होती. तो म्हणाला, "चाचा, वहां झुकना पडता है." घरात आजीचा विरोध होता. मी त्याला फतवा देणारा कोण? मी त्याला त्सांगझोऊच्या मशिदीतली पोरं सांगितली, मामूंची तेलाची बाटली सांगितली आणि म्हटलं, एकदा स्वतः मैदानावर जाऊन बघ. तो गेला, सरांशी बोलला. सर गावातलेच, हिंदू. त्यांनी सांगितलं की हा समोरच्याला केलेला रामराम आहे, आणि तिला हात छातीवर ठेवून मान हलवायची असेल तर तसं करू दे. मुलगी जायला लागली. आजी अजून कुरकुरते, पण पांढरा पोशाख धुऊन वाळत घालते तीच.

झांग झीजियांग 1966 साली वारला. त्याची संस्था 1948 मध्येच बंद पडली होती. वांग झीपिंगने शांघायला हाडवैद्यकी केली, ऐंशीच्या घरात असताना पंतप्रधान चौ एन लाय यांच्याबरोबर ब्रह्मदेशात जाऊन कसब दाखवून आला, आणि 1973 साली वारला. म्हाताऱ्या, आजारी माणसांसाठी त्याने वीस हालचालींचा एक साधा क्रम बसवला होता. त्याचं पुस्तक 1958 साली निघालं. मुलगी वांग जूरोंगने वडिलांची विद्या पुढे शिकवली. त्या वीस हालचाली चीनमध्ये आजही लोक सकाळी बागेत करतात.